गिटार विवर्धक

गिटार विवर्धक : विद्युत् गिटारच्या तारा छेडल्याने निर्माण होणारा क्षीण विद्युत् संकेत प्रबळ करून ध्वनिक्षेपकामार्फत त्याचे ध्वनीत रूपांतर करणारे उपकरण. वादकांच्या बोलण्यात ते ‘अँप’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. सभेतील वक्त्याचा आवाज दूरवर पोहोचविणाऱ्या विवर्धकाने मूळ आवाजात स्वतःची भर घालू नये, अशी अपेक्षा असते. गिटार विवर्धकाकडून मात्र नेमकी अशी भर अपेक्षिलेली असते. भरीव लाकडी अंगाच्या विद्युत् गिटारचा स्वतःचा आवाज शेजारच्या खोलीतही नीट ऐकू जात नाही; तिला आवाज, भरदारपणा व पोत विवर्धकामुळेच प्राप्त होतात. म्हणून गिटारवादक वाद्याइतक्याच आस्थेने विवर्धकाची निवड करतात, आपल्यापाशी असलेल्या व पूर्वी होऊन गेलेल्या विवर्धकांची एकमेकांत तुलना करतात आणि या तुलनेत त्यांचे क्वचितच एकमत होते. हे मतभेद निव्वळ आवडीनिवडीचे नाहीत. त्यांच्यामागे उपकरणाच्या रचनेतील भौतिक कारणे आहेत. पुण्यासारख्या शहरात, जेथे नामांकित विवर्धक दीर्घकाळ दुर्मिळ होते, तेथे या तुलनेला काहीसे वेगळे वळण लागले.

सतारीला जसा भोपळा तसा विद्युत् गिटारला विवर्धक, असे सांगितले जाते. परंतु जवारीची उपमा अधिक समर्पक आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून तिला जो सूक्ष्म उतार देतात, त्यामुळे तार घोडीला निसटता स्पर्श करीत कंप पावते व मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात. काटेकोर यांत्रिक दृष्टीने पाहिल्यास हा तारेच्या मुक्त कंपनातील व्यत्यय होय. कानाला मात्र तो दोष वाटत नाही, त्यातच तंबोऱ्याचे सौंदर्य असते. चांगल्या गिटार विवर्धकातील विरूपणही याच जातीचे आहे.

रचना व कार्य : गिटारच्या तारांखाली बसविलेल्या पिक-अपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावू लागली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो व वेटोळ्यात प्रत्यावर्ती विद्युत् दाब प्रवर्तित होतो. हा दाब सामान्यतः एका व्होल्टाहून कमी असतो. विवर्धकाच्या पहिल्या भागात, म्हणजे पूर्व-विवर्धकात, तो वाढविला जातो. त्याच ठिकाणी खालच्या, मधल्या व वरच्या कंप्रतांचे प्रमाण कमीजास्त करणारी नियंत्रक बटणे असतात. पुढील शक्ति-विवर्धक ध्वनिक्षेपक हलविण्यास पुरेशी शक्ती पुरवितो. निर्वात नलिकांच्या विवर्धकात या दोहोंमध्ये रोहित्र असावे लागते, कारण नलिका अधिक दाबाचा पण अल्प प्रवाह देतात, तर ध्वनिक्षेपकाला कमी दाबाचा व मोठा प्रवाह लागतो. ध्वनिक्षेपक न जोडता असा विवर्धक जोरात वाजविल्यास हे रोहित्र जळू शकते.

कोणत्याही विवर्धकाला आपल्या मर्यादेपलीकडे संकेत वाढविता येत नाही. मर्यादा ओलांडताच तरंगाचा माथा चेपला जातो. ट्रँझिस्टरच्या साध्या मंडलात तो एकदम, जणू पात्याने छाटावा तसा सपाट होतो. नलिकांच्या मंडलात तो हळूहळू गोलावत जातो. चेपलेल्या तरंगात मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट इ. कंप्रतांचे उपस्वर निर्माण होतात. दुप्पट कंप्रता म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर व तिप्पट म्हणजे त्यावरचा पंचम. ही भर कानाला सुसंवादी वाटते. त्यापुढील वरचे उपस्वर प्रबळ झाले, की आवाज कर्कश होऊ लागतो. ‘नलिकांचा आवाज उबदार, ट्रँझिस्टरचा कोरडा’ या वादकांच्या नित्याच्या निवाड्याचे हे एक मुख्य कारण होय. यापेक्षाही वादकाला अधिक मोलाची वाटते ती संकेतावरील हाताची पकड. मर्यादेच्या उंबरठ्यावर ठेवलेला नलिका-विवर्धक तार हलकी छेडल्यास स्वच्छ बोलतो व जोराने छेडल्यास खरखरीत होतो. बटणाला हात न लावता बोटांच्या दाबानेच आवाजाची जात बदलता येते.

दोन स्वर एकाच वेळी अशा विवर्धकातून गेले, तर त्यांच्या कंप्रतांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही उमटतात. षड्ज व पंचम यांचे प्रमाण २ : ३ असल्याने त्यांच्या वजाबाकीचा स्वर खालच्या सप्तकातील षड्जच असतो, त्यामुळे जोडी भरदार होते. तीत गांधार मिसळला, तर समविभाजित स्वरसप्तकातील त्याचे स्थान शुद्ध प्रमाणापासून ढळलेले असल्यामुळे आवाज गढूळ होतो. रॉक संगीतात तीन स्वरांच्या संघाऐवजी सा-प ही जोडीच एवढी का वाजविली जाते, याचा उलगडा अशा रीतीने विवर्धकाच्या वर्तनातून होतो.

ध्वनिक्षेपकाचा वाटा सर्वसाधारण समजुतीपेक्षा मोठा आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सु. ८२ हर्ट्झ असते. गिटारसाठी बनविलेला, सामान्यतः २५ किंवा ३० सेंमी. व्यासाचा कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक सु. ५,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी जवळजवळ दडपून टाकतो. विरूपणातून निर्माण झालेले टोचरे उपस्वर येथेच गाळले जातात. हीच विरूपित गिटार जर सर्व कंप्रता सारख्याच देणाऱ्या यंत्रणेतून किंवा सभेच्या कर्ण्यातून ऐकविली, तर ती माशीच्या गुणगुणण्यासारखी पातळ व त्रासदायक वाटते.

विकास : विद्युत् गिटारचा जन्म हवाईयन वादनपद्धतीतून झाला. अमेरिकेत जॉर्ज बीचम व आडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये बाजारात आणलेली विद्युत् गिटार मांडीवर ठेवून वाजविण्याची होती व तिच्याबरोबर छोटा विवर्धक मिळे. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही गिटार १९३६ मध्ये आली. जॅझ वादक चार्ली ख्रिश्चन यांनी तिच्या साहाय्याने गिटारला वाद्यवृंदात एकल वाद्याचे स्थान मिळवून दिले. त्या काळी विवर्धकाने आवाज केवळ मोठा करावा, एवढीच अपेक्षा होती.

कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्ती करणारे लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचा ‘बेसमन’ हा विवर्धक १९५२ मध्ये निघाला. तो बेस गिटारसाठी होता. परंतु त्याची चार ध्वनिक्षेपकांची नंतरची आवृत्ती साध्या गिटारवादकांनीच उचलून धरली. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात ढोलांचे दुकान चालविणारे जिम मार्शल यांनी आपल्या तंत्रज्ञांकरवी जो विवर्धक तयार करविला, त्याचे मंडल बेसमनवरूनच घेतले होते. रोहित्रे व पुढे नलिका मात्र ब्रिटिश बनावटीच्या आल्या आणि ध्वनिक्षेपक मागून बंद असलेल्या पेटीत बसविले गेले. एवढ्याने आवाज इतका बदलला की, फेंडर व मार्शल ही दोन नावे आज परस्परविरुद्ध अभिरुचींची चिन्हे मानली जातात. कागदावरील मंडल जवळजवळ एकच असूनही असे घडावे, ही गोष्ट तुलना करणाऱ्याने सतत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंडमधीलच डिक डेनी यांनी आखणी केलेला व्हॉक्स कंपनीचा एसी ३० (१९५९) शॅडोज व बीटल्स या वाद्यवृंदांमुळे प्रसिद्धीस आला. त्याच्या शक्ति-विवर्धकात ईएल ८४ जातीच्या चार नलिका असतात. फेंडरचा ‘ट्विन रिव्हर्ब’ (१९६३) याच्या उलट स्वभावाचा आहे. सु. ८५ वॉट शक्तीमुळे तो मोठ्या आवाजातही स्वच्छ राहतो आणि त्यात स्प्रिंगच्या साहाय्याने प्रतिध्वनीचा आभास निर्माण करण्याची सोय आहे. रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या लहानशा ‘प्रिन्स्टन’ विवर्धकात फेरफार करून पूर्व-विवर्धनाचे टप्पे वाढविले. त्यातून मेसा-बुगी हा प्रकार निघाला व कमी आवाजातही दीर्घकाळ टिकणारा विरूपित स्वर मिळू लागला. जपानच्या रोलँड कंपनीचा जेसी-१२० (१९७५) पूर्णपणे ट्रँझिस्टरचा असून त्याच्या दोन ध्वनिक्षेपकांतून स्वरात किंचित फरक पाडून सामुदायिक वादनाचा भास घडविला जातो. नलिकांचे कट्टर पुरस्कर्तेही या एका ट्रँझिस्टर विवर्धकाला सहसा नावे ठेवत नाहीत.

तुलनेचे निकष : विवर्धकांची तुलना शक्तीच्या आकड्यांवरून करण्याची पद्धत फसवी आहे. शक्ती दुप्पट केल्याने ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटावा म्हणून शक्ती सु. दहापट करावी लागते. म्हणजे ३० वॉटचा विवर्धक १५ वॉटच्या विवर्धकापेक्षा थोडासाच मोठा वाजतो. याउलट एका वॉटला ९७ डेसिबेल देणाऱ्या ध्वनिक्षेपकाऐवजी १०० डेसिबेल देणारा बसविला, तर विवर्धकाची शक्ती दुप्पट केल्याइतकाच परिणाम अल्प खर्चात साधतो. शिवाय दोन विवर्धक एकामागून एक ऐकताना जो किंचित मोठा वाजतो तोच सरस भासतो, हा कानाचा स्वभाव आहे. पातळी समान न करता दिलेले निर्णय म्हणून फारसे विश्वसनीय नसतात. बऱ्याच वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या विवर्धकाची आठवण तर त्या काळचे सभागृह, सहवादक आणि वादकाचे वय यांच्यासह मनात राहिलेली असते. एवढे मान्य करूनही अनुभवी वादकांच्या मतात काही स्थिर सूत्रे आढळतात : स्वच्छ स्वरासाठी फेंडर, झगमगत्या वरच्या कंप्रतांसाठी व्हॉक्स आणि भरीव मध्यम कंप्रतांच्या विरूपणासाठी मार्शल.

पुण्यातील वापर : पुण्यात गिटार विवर्धकाच्या आधी आली. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आल्यावर तेथील संगीतकार केशवराव भोळे यांनी चित्रपटसंगीतात पियानो, व्हायोलिन व हवाईयन गिटार यांचा उपयोग केला. लष्कर भागातील गोवेकर व अँग्लो-इंडियन कुटुंबांतही पाश्चात्त्य वाद्ये वाजविली जात. विद्युत् गिटारचा स्वर सर्वसामान्य श्रोत्यांच्या कानी पडला तो मुख्यत्वे हिंदी चित्रपटसंगीत व ध्वनिमुद्रिका यांतून. व्हॅन शिप्ली (१९२७–२००८) यांनी विद्युत् गिटारवर वाजविलेल्या चित्रगीतांच्या धुना घरोघर ऐकल्या गेल्या. १९७० नंतर भूपिंदर सिंग यांच्यासारख्या वादकांची गिटार राहुलदेव बर्मन यांच्या संगीतातून लोकप्रिय झाली आणि ती गाणी रंगमंचावर सादर करणाऱ्या वाद्यवृंदांना, म्हणजे मराठीत रूढ झालेल्या ‘ऑर्केस्ट्रा’ना, विद्युत् गिटार अपरिहार्य ठरली.

रॉक संगीताचा प्रवाह याला समांतर वाहत होता. पुणे जिल्ह्यातील मळवली येथे १९७१ मध्ये ‘स्नेहयात्रा’ हा खुल्या जागेतील रॉक संगीताचा महोत्सव झाला. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९७८ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकात नाट्यसंगीत व लोकसंगीत यांच्या जोडीला पाश्चात्त्य धाटणीचे संगीतही होते आणि रॉक गायक नंदू भेंडे (मृत्यू २०१४) त्यात गायक-नट म्हणून सहभागी होते. मराठी रंगभूमीच्या श्रोत्याला हा स्वर परका राहिला नाही, याचे बरेचसे श्रेय अशा प्रयोगांकडे जाते.

विवर्धकांची उपलब्धता मात्र या गतीने वाढली नाही. आयातीवरील निर्बंध व भारी जकात यांमुळे फेंडर किंवा मार्शल विवर्धक दुकानात जाऊन विकत घेणे मध्यमवर्गीय वादकाच्या आवाक्याबाहेर होते. परदेशाहून आलेल्या नातलगाने आणलेला किंवा देश सोडून जाणाऱ्या वादकाकडून घेतलेला एखादा विवर्धक अनेकांच्या हातांतून फिरे. गिटार कोलकात्याच्या गिब्सन-सदृश नावाच्या गिव्हसन कंपनीची आणि विवर्धक सभासमारंभासाठी बनविलेला, ही जोडी सर्वत्र दिसे. गणेशोत्सवाच्या मंडपांना ध्वनिक्षेपक भाड्याने देणारे व्यावसायिक पुण्यात पुष्कळ. परंतु त्यांची साधनसामग्री भाषणे व ध्वनिमुद्रिका यांसाठी असल्याने कर्ण्यातून येणारी गिटार वर सांगितल्याप्रमाणे पातळ व टोचरी वाटे.

दुसरा मार्ग घरातील नलिकांच्या रेडिओचा होता. त्याच्या मागील बाजूस ग्रामोफोन जोडण्यासाठी असलेल्या खोबणीत गिटार जोडता येई. व्हॉक्समध्ये असलेली ईएल ८४ हीच नलिका अनेक घरगुती रेडिओंत व रेडिओग्रामांतही असे, त्यामुळे आवाजाची जात काहीशी मिळतीजुळती येई. फिलिप्स कंपनीचे पुण्याजवळ पिंपरी व लोणी काळभोर येथे कारखाने होते आणि शहरात रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची वाण नव्हती. तथापि ग्रामोफोनच्या स्फटिकी पिक-अपपेक्षा गिटारचा संकेत क्षीण असल्याने आवाज अपुरा पडे व विवर्धनाचा आणखी एक टप्पा जोडून घ्यावा लागे. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सुटे भाग मिळत, तर जुन्या बाजारात टाकाऊ रेडिओ. या खटपटीत एक गंभीर धोका होता. एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालणाऱ्या काही रेडिओंत रोहित्र नसते व त्यांचा धातूचा सांगाडा थेट विद्युत् पुरवठ्याशी जोडलेला असतो. अशा रेडिओला गिटार जोडल्यास तिच्या तारांतून प्राणघातक धक्का बसू शकतो. साध्या दिसणाऱ्या या उपायाचा पुरस्कार म्हणूनच करता येत नाही.

टंचाईचा एक परिणाम असा झाला की, त्या पिढीतील वादकांनी विवर्धकांची पारख प्रत्यक्ष वाजवून नव्हे, तर ध्वनिमुद्रिका ऐकून केली. मुद्रिकेतील आवाजात ध्वनिग्राहकाची जागा, खोली व मुद्रणतंत्रज्ञाची कारागिरी हे सर्व मिसळलेले असते. त्याचे सारे श्रेय विवर्धकाला देण्याची चूक सहज होते. ऑर्केस्ट्रातील वादकाची दृष्टी याहून व्यावहारिक होती. एका रात्रीत शंकर-जयकिशन ते राहुलदेव बर्मन अशी निरनिराळ्या बाजांची गाणी वाजवायची असल्यामुळे त्याला स्वच्छ, न बिघडणारा व टेम्पोत चढविता-उतरविता येण्याजोगा विवर्धक हवा असे. विरूपण हवे तेथे पायाखालच्या पेटीने भागे.

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने व २००१ मध्ये उठलेल्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंधांमुळे परिस्थिती पालटली. स्ट्रेंजर या भारतीय बनावटीचे लहान ट्रँझिस्टर विवर्धक हे अनेक नवोदितांचे पहिले विवर्धक ठरले. विदेशी बनावटीही दुकानांत दिसू लागल्या. ‘अग्नी’सारखे पुण्यातील रॉक वाद्यवृंद देशभर ऐकले जाऊ लागले आणि डिसेंबर २०१० मध्ये कोरेगाव पार्क येथे एनएच-७ वीकएंडर हा महोत्सव प्रथम भरला. अशा महोत्सवांत विवर्धक आयोजकच भाड्याने आणतात. परिणामी वादक आता नामांकित विवर्धक वाजवितो खरा, पण तो त्याच्या मालकीचा नसतो व वाजविण्यास मिळतो तो तासभरच.

विद्युत् पुरवठा व परिसर : अमेरिकेतून आणलेला विवर्धक तेथील सु. ११७ व्होल्ट व ६० हर्ट्झ पुरवठ्यासाठी असतो. पुण्यात २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ पुरवठा मिळतो. तो थेट जोडल्यास तत्काळ जळतो. दाब उतरविणारे रोहित्र वापरल्यास दाबाचा प्रश्न सुटतो, कंप्रतेचा नाही. ६० हर्ट्झसाठी आखलेले रोहित्र ५० हर्ट्झवर अधिक चुंबकन प्रवाह घेते व जास्त तापते. पुरवठ्याची गुणगुणही वेगळी असते : तेथे १२० हर्ट्झची, येथे १०० हर्ट्झची. दाब कमी झाला की नलिकांना मिळणारा दाबही घटतो व विरूपण लवकर सुरू होते. काल सुरेख वाजलेला विवर्धक आज निराळा का वाटतो, याचे उत्तर कधीकधी भिंतीतील खोबणीतच असते. नलिका-विवर्धकात ३०० ते ५०० व्होल्ट दाब असतो आणि बंद केल्यावरही धारित्रांत तो काही काळ टिकून राहतो, त्यामुळे अनभिज्ञाने तो उघडू नये.

मोठ्या विवर्धकाचा खरा स्वर तो जोरात वाजविल्याशिवाय मिळत नाही, ही शहरवासी वादकाची मुख्य अडचण आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी विभागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात खुल्या जागी ध्वनिवर्धकास मनाई आहे. शंभर वॉटचा मार्शल सदनिकेत एका टक्क्यावर वाजविण्यापेक्षा पाच वॉटचा लहान नलिका-विवर्धक पूर्ण उघडून वाजविणे वादकाच्या दृष्टीने अधिक लाभदायक असते, शेजाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तोही मोठाच असतो. सरावाच्या बंदिस्त खोल्या तासाने भाड्याने घेण्याची प्रथा यातूनच रूढ झाली. मोठ्या आवाजाच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहिल्याने येणारे बधिरत्व कायमचे असते आणि विवर्धकाची पारख करणारा कानच त्याला बळी पडतो.

अंकीय साधने : विवर्धकाच्या मंडलाचे वर्तन गणिताने मांडून संगणकीय प्रक्रियेद्वारे त्याचे अनुकरण करणारी साधने १९९० नंतरच्या दशकात आली, लाइन ६ कंपनीचे ‘पॉड’ (१९९८) हे त्यांपैकी गाजलेले होय. केंपर या जर्मन कंपनीने २०११ मध्ये आणलेले यंत्र प्रत्यक्ष विवर्धकाला चाचणी-संकेत देऊन त्याच्या स्वराचा नमुना साठवून ठेवते. ज्यांनी ट्विन रिव्हर्ब वा एसी ३० कधी पाहिलाही नाही, असे पुण्यातील तरुण वादक आज त्यांचे नमुने कानावरील ध्वनिक्षेपकांतून ऐकून तुलना करतात. ध्वनिमुद्रणात मूळ व अनुकृती यांतील भेद ओळखणे कठीण झाले आहे. रंगमंचावर मात्र फरक जाणवतो, कारण तेथे प्रत्यक्ष ध्वनिक्षेपकाने हलविलेली हवा गिटारच्या तारांनाही पुन्हा कंपित करते व वादक हा परिणाम स्वर लांबविण्यासाठी वापरतो.

नलिकांचे उत्पादन आता प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांपुरते उरले आहे. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने एके काळी रेडिओसाठी बनविलेल्या नलिका जुन्या साठ्यांतून अधूनमधून मिळतात आणि जाणकार वादक त्या जपून ठेवतात. शक्ति-विवर्धकातील नलिका झिजल्यावर त्या एकेक न बदलता समान गुणधर्मांचा संपूर्ण जोड बदलावा लागतो.